टर्बो गाडी घेतली, पण पिकअपच नाही! खिशात हात घालण्याआधी हे तपासा

"एवढा पैसा घालीसन गाडी पयत नही भो!"

हे वाक्य मी आमच्या खान्देशात चहाच्या टपरीवर ऐकलंय, लग्नाच्या मांडवात ऐकलंय, आणि एकदा पेट्रोल पंपाच्या रांगेत एका अनोळखी माणसाकडूनही. आधी ते मी स्वतः म्हटलं होतं. पुण्याहून आणलेली दोन लिटर टर्बो पेट्रोल गाडी, दारात आली तेव्हा गल्लीतली पोरं फोटो काढत होती, आणि आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की धुळ्याच्या रस्त्याला एक साधी डिझेल एसयूव्ही मला आरामात मागे टाकून जातेय.

मी मिस्तरी नाही, हौशी माणूस आहे. पण त्या एका उन्हाळ्यात जे शिकलो त्याचा क्रम नीट लावला, तर नवख्या माणसाचे बरेच पैसे वाचतील. क्रम साधा आहे: फुकटातलं आधी, शे-दोनशेचं नंतर, लाखाचं सगळ्यात शेवटी. गंमत अशी की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा हा क्रम उलटा सांगितला जातो. "साहेब, टर्बो गेलाय." टर्बो इतक्या सहज जात नाही.

गाडी कोरी असो की सेकंडहँड, एक लिटरची १२० पीएस ताकदीची आय२० एन लाइन असो की २४५ पीएसची ऑक्टाव्हिया आरएस, तपासायची रीत तीच. फरक पडेल तो पार्टच्या किमतीत.

पायरी १: आधी आपली सवय तपासा

आपल्याकडे टर्बो पेट्रोलकडे वळणारा माणूस बरेचदा डिझेलवरून आलेला असतो. डिझेल दीड-पावणेदोन हजार आरपीएमला भरपूर ओढतं, त्यामुळे दोन हजाराला पुढचा गिअर टाकायची सवय पायात बसलेली असते. त्याच सवयीने टर्बो पेट्रोलमध्ये चौथ्या गिअरला, बाराशे आरपीएमवर रेस दाबली की गाडी ढिम्म.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन पंखे. एक पंखा सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जोरात असताना हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो. पण खाली इंजिनच मंद चाललं असेल तर पहिल्या पंख्याला फिरवायला वायू येणार कुठून? म्हणून रेस दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम पाठीत धक्का बसतो. या मधल्या क्षणाला टर्बो लॅग म्हणतात. तो दोष नाही, स्वभाव आहे. गिअर खाली टाका, इंजिन दोन-अडीच हजाराच्या वर ठेवा आणि मग बघा. काही जणांची तक्रार इथेच मिटते.

तरी नाही मिटली तर मोड बघा. इको मोडमध्ये रेसचा पेडल मुद्दाम आळशी केलेला असतो. एकदा स्पोर्ट मोडवर टाका, ऑटोमॅटिक असेल तर गिअर हाताने बदला. जोरात निघताना मीटरमध्ये घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकत असेल, तर चाकं घसरू नयेत म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापतोय. आपल्या मुरमाड, धुळीच्या साइडपट्टीवरून निघताना हे हमखास होतं. त्यासाठी सिस्टिम बंद करू नका, टायर बघा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाडीला गोटा झालेले टायर म्हणजे पैलवानाला स्लिपर घालून आखाड्यात उतरवणं.

गाडी कोरी असेल तर पुस्तिकेत रनिंग-इनचं पान वाचा. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर इंजिन पूर्ण ताणू नका असं बहुतेक कंपन्या सांगतात. तोवर निकाल देऊ नका.

पायरी २: अंदाज नको, सेकंद मोजा

"आधीसारखी वाटत नाही" यावर कुठलाही मिस्तरी काही करू शकत नाही. दहा टक्के ताकद कमी झाली तर अंगाला कळत नाही, घड्याळाला कळते.

ओळखीचा, सरळ, सपाट, दुभाजक असलेला रिकामा पट्टा निवडा. सकाळी सहाच्या सुमारास जा, पण रावेर-सावद्याकडचे केळीचे ट्रक आणि दुधाच्या मोटारसायकली त्याच वेळी रस्त्यावर असतात हे लक्षात ठेवा. गाव, शाळा, वस्ती असलेला रस्ता घेऊच नका. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं आरामात चालवा. मग तिसरा गिअर पक्का ठेवा, ताशी ३५ च्या आसपास स्थिर करा, रेस पूर्ण दाबा आणि ४० ते ८० जायला किती सेकंद लागले ते मोजा. शेजारी बसलेल्याला मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा आणि घरी येऊन सेकंद मोजा. गाडी चालवताना स्वतः मोबाइल हातात घ्यायचा नाही. ८० च्या वर जायची गरज नाही. इंजिनाची तब्येत कळायला एवढं पुरतं.

जाताना तीन वेळा, येताना तीन वेळा, आणि सगळ्याची सरासरी. एका बाजूने वारा असतो, डोळ्याला न दिसणारा उतारही असतो, म्हणून दोन्ही बाजू. वहीत लिहा: तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, एसी चालू की बंद, गाडीत माणसं किती, पेट्रोल कुठलं. माझ्या गाडीला तेव्हा ५.४ सेकंद लागत होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुलना करायला तशीच दुसरी गाडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. एकाच सकाळी, एकाच पट्ट्यावर दोन्ही मोजा. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवायची तर आपल्याकडून पुण्या-मुंबईची वारी होते. शिवाय तिथे आकडा चाकावरचा येतो, आणि तो कागदावरच्या आकड्यापेक्षा दहा-वीस टक्क्यांनी कमीच असतो, कारण कंपनी इंजिनाचा आकडा छापते आणि मधल्या गिअरबॉक्सने आपला वाटा घेतलेला असतो. अनेकांचं तोंड तिथे उगाच पडतं.

पायरी ३: खान्देशचं ऊन

इथे जरा थांबू, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांचे सल्ले आपल्याला इथे अपुरे पडतात.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांची आपलीच थंडीतली सकाळ आणि ४५ अंशांची आपली दुपार, या दोन हवांच्या घनतेत ढोबळमानाने दहा टक्क्यांचा फरक पडतो. टर्बो हवा दाबतो म्हणून थोडं सांभाळून घेतो, पण हवा दाबली की आणखी तापते. सायकलच्या पंपाचं बूड हवा भरताना गरम होतं, तोच प्रकार. टर्बोतून बाहेर पडणारी हवा शंभर अंशांच्या पुढे सहज जाऊ शकते. ती थंड करायला बऱ्याच गाड्यांत पुढे बंपरमागे इंटरकूलर नावाची जाळी असते. आता ही जाळी हवेला बाहेरच्या तापमानापेक्षा थंड करूच शकत नाही. बाहेरच ४५ असेल तर तिने करावं काय?

गरम हवा इंजिनात गेली की पेट्रोल वेळेआधीच भडकू पाहतं. त्याला नॉकिंग म्हणतात, आणि इंजिन त्याने फुटू शकतं. म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठिणगीची वेळ मागे ढकलतो आणि गरज पडली तर टर्बोचा दाबही कमी करतो. तुम्हाला गाडी मेल्यासारखी वाटते. खरं तर ती स्वतःचा जीव वाचवत असते.

तेव्हा पायरी २ ची चाचणी एकदा दुपारी दोनला, एसी लावून करा. सकाळी ४.३ आणि दुपारी ४.९ आलं, तर तो आजार नाही, वैशाख आहे. सकाळीही तेवढाच वाईट आकडा येत असेल तर मात्र पुढे वाचा.

टोलच्या रांगेत किंवा रेल्वे फाटकावर दहा मिनिटं उभं राहिल्यावर गाडी पहिला किलोमीटरभर जड वाटणं हेही त्यातलंच. बोनेटखाली सगळं भाजून निघालेलं असतं. दोन-तीन मिनिटं वाऱ्यावर धावली की सुधारली पाहिजे. सुधारत नसेल तर इंटरकूलरला वाराच लागत नाहीये.

आणि वारा का लागत नाही? दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांमागून आठवडाभर चालवा आणि मग टॉर्च घेऊन पुढच्या जाळीत बघा. कापसाचे पुंजके, त्यावर धूळ, त्यावर मेलेले किडे, आणि पावसाळ्यानंतर हे सगळं लिंपून टाकणारी काळी माती. रेडिएटर आणि एसीच्या जाळीच्या मध्येही हा थर बसतो, वरून दिसत नाही. साध्या पाइपने, कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो आतून बाहेर धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारला तर पातळ पत्रे आडवे होतात आणि जाळी कायमची बंद. पुढे बंपर गार्ड, जादा फॉगलाइटं, रुंद फॅन्सी नंबरप्लेट असेल तर तीही काढा. टर्बो गाडीचं नाक मोकळं हवं.

मागच्या मालकाने उघडा, शंकूच्या आकाराचा 'स्पोर्ट्स' एअर फिल्टर बसवला असेल तर माझं स्पष्ट मत: काढून कंपनीचा डबा परत बसवा. आवाज भारी येतो, पण तो बाहेरची हवा सोडून बोनेटखालची तापलेली हवा ओढतो, आपली धूळ नीट अडवत नाही, आणि त्याला लावलेलं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं.

उंचीला मात्र दोष देऊ नका. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे, हवेच्या दाबात फरक दोन टक्क्यांचा. तोरणमाळला हजार मीटरच्या वर गेल्यावर तो जाणवेल, आणि तिथेही टर्बो गाडी बिनटर्बोपेक्षा बरी चालेल.

पायरी ४: पेट्रोल

टाकीचं झाकण उघडा, आतला स्टिकर वाचा. किमान ऑक्टेन, म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती टक्कर देतं त्याचा आकडा, ९५ किंवा ९८ लिहिलेला असेल तर तेवढं पेट्रोल मिळेपर्यंत गाडीकडून पूर्ण ताकदीची अपेक्षा करू नका. बीएस-६ आलं तेव्हा साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ ठरला होता. प्रीमियम पेट्रोल, उदाहरणार्थ एक्सपी९५, तालुक्याच्या प्रत्येक पंपावर मिळेलच असं नाही. सलग दोन टाक्या तेच भरा आणि पुन्हा मोजा, कारण ईसीयू हळूहळू शिकतो. एका लिटरने काही होत नाही. आणि गाडीला ९१ चालत असेल तर १०० टाकून रॉकेट होणार नाही.

इथेनॉलबद्दल बरीच ओरड आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्क्यांची घट. हे मायलेजमध्ये दिसतं. पिकअपला त्याने धक्का बसू नये, कारण इंजिन तेवढं जास्त पेट्रोल सोडतं आणि इथेनॉलचा ऑक्टेन उलट चांगला असतो. खरा त्रास पाण्याचा. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, आणि पावसाळ्यात पंपाच्या टाकीत पाणी शिरलं तर ते खाली वेगळं बसतं. पेट्रोल भरल्या-भरल्या गाडी झटके मारायला लागली तर पंप बदला. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागायचा ग्राहकाला हक्क आहे, लाजू नका. दलालाच्या आवारात सहा महिने उभी असलेली गाडी घेतली असेल तर जुनं पेट्रोल संपवून मगच मोजा.

पायरी ५: बोनेट उघडा, इंजिन थंड असताना

एअर फिल्टर आपल्याकडे पुस्तिकेत लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बघायचा. डब्याच्या सगळ्या क्लिपा बसल्यात का? एक क्लिप उघडी राहिली तरी न गाळलेली धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर जाते.

ऑइल डिपस्टिकवर दोन खुणांच्या मध्ये असावं. कुठलं ऑइल घातलंय याचं बिल मागा. टर्बोचा दांडा त्याच ऑइलवर तरंगतो.

उंदीर! शेताला लागून किंवा गोडाऊनमध्ये गाडी उभी राहत असेल तर हा मुद्दा वरच्या नंबरचा समजा. टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या वेस्टगेटला अनेक गाड्यांत पेन्सिलएवढे बारीक रबरी पाइप जातात. एक पाइप कुरतडला की दाबाचं सगळं गणित कोलमडतं. गाडीच्या जाळीत मका-दादर ज्वारीचे दाणे दिसले तर समजून जा.

टायरमधली हवा भरा. पंधरा-वीस किलोमीटर ब्रेक फारसा न दाबता चालवून चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलेलं वाटलं तर ब्रेक चिकटलाय. मग इंजिनाला शिव्या घालून उपयोग नाही.

पायरी ६: स्कॅनर

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात बसणारं ब्लूटूथ यंत्र काही शे रुपयांपासून मिळतं, आणि मोबाइलवर 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर' अशी ॲप चालतात. चेक लाइट लागलेली नसली तरी कोड साठलेला असू शकतो.

टर्बोवाल्याने ओळखावेत असे कोड:

पी०२९९: टर्बोचा दाब हवा तेवढा होत नाही. पी०२३४: दाब जास्त होतोय. पी०१७१: इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. पी०३०० ते पी०३०४: मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही; ३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ३०२ दुसरा, याप्रमाणे. पी०१०१: हवा मोजणाऱ्या सेन्सरची गडबड. पी००८७: पेट्रोलचा दाब कमी.

कोड म्हणजे निदान नव्हे. पी०२९९ दिसला की 'टर्बो बदला' असं सांगणारे भेटतील. तो कोड फक्त एवढंच म्हणतो की मागितलेला दाब मिळाला नाही. का नाही मिळाला ते शोधायचं काम तुमचं. आणि कोड लगेच उडवू नका. त्याच्यासोबत त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान हे साठवलेलं असतं, ते सगळं पुसलं जातं. आधी फोटो काढा.

कधी-कधी गाडी अचानक मरते, बंद करून पुन्हा चालू केली की ठणठणीत. ही इंजिनाने स्वतःवर लादलेली बंदी असते, लिम्प मोड. ठीक झाली म्हणून सोडून देऊ नका, कोड बघा.

आता जिवंत आकडे. 'मॅप' म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी असलेला हवेचा दाब. चावी फिरवून, इंजिन बंद ठेवून बघितलं तर आपल्याकडे तो ९८-९९ किलोपास्कलच्या आसपास दिसला पाहिजे, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच. इथेच ८० किंवा ११५ दिसला तर सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन चालू करून उभं ठेवलं तर तीस-चाळीस. पूर्ण रेसवर शंभराच्या बराच वर गेला पाहिजे. दोन लिटरच्या जोमदार इंजिनात दोनशेच्या पुढे. पूर्ण रेसवरही शंभराच्या आसपासच अडकला, तर तुम्ही टर्बोचे पैसे देऊन बिनटर्बो गाडी चालवताय. दुसरा आकडा आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा. रस्त्यावर धावताना तो बाहेरच्यापेक्षा दहा-वीस अंशांनी वर असेल तर ठीक, सत्तरवरून उतरतच नसेल तर पायरी ३ कडे परत जा. तिसरा, फ्युएल ट्रिम: ईसीयू पेट्रोल किती वाढवून-घटवून सोडतोय ते. शून्याच्या इकडे-तिकडे पाच टक्के ठीक. सतत अधिक दहाच्या वर असेल तर कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय.

हे आकडे चालवणाऱ्याने बघायचे नाहीत. शेजारच्याने बघायचे किंवा ॲपमध्ये नोंदवून घरी बघायचे.

पायरी ७: लिकेज, म्हणजे माझी गोष्ट

माझ्या गाडीत पी०२९९ होता. पूर्ण रेसवर मॅप १५० ला थांबायचा. तशाच दुसऱ्या गाडीत तो २१० पर्यंत जात होता. एका गॅरेजने टर्बोचा अंदाज दिला, लाखाच्या वर. दुसऱ्याने प्लग बदलले, फरक शून्य. तिसरीकडच्या वयस्कर मिस्तरीने काहीच विचारलं नाही, फक्त पुढच्या बंपरवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "याला रंग मारलाय ना, भाऊ?"

मारला होता. विकण्याआधी कोणीतरी बंपर काढून रंगवला होता, आणि परत बसवताना इंटरकूलरच्या खालच्या तोंडाचा मोठा पाइप पूर्ण आत न ढकलताच तारेची क्लिप अडकवून दिली होती. उभ्या गाडीत सगळं घट्ट वाटायचं. दाब आला की पाइप दोन-तीन मिलिमीटर मागे सरकायचा आणि टर्बोने मेहनतीने दाबलेली हवा रस्त्यावर. बारकाईने पाहिल्यावर त्या जोडाभोवती तेलकट धुळीची काळी कडा दिसली. नवी ओ-रिंग, नवी क्लिप आणि अर्ध्या दिवसाची मजुरी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पट्ट्यावर ४.१ सेकंद.

म्हणून टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत प्रत्येक जोड हाताने हलवून बघा, पाइपाची खालची, न दिसणारी बाजू आरशाने बघा. आपल्या उन्हात रबर कडक होऊन तडकतं. पाइपात तेलाचा पातळ थर असणं नेहमीचं. जोडाबाहेर ओघळ दिसणं मात्र खूण आहे. कानही लावा: रेस दाबल्यावर आधी नसलेला 'फुस्स' किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का?

हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत एक छान खूण मिळते. मोजलेली हवा मध्येच निसटली की ईसीयू पेट्रोल मात्र पूर्ण हवेच्या हिशेबाने सोडतो, म्हणून जोर लावताना सायलेन्सरमधून काळा धूर येतो. तेच भोक इंजिन निवांत चालू असताना उलटी हवा ओढू शकतं, मग उभ्या गाडीत आरपीएम वर-खाली होतात.

डोळ्याने सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या: पाइपात धूर भरतात, फट असेल तिथून तो निघतो. घरी कॉम्प्रेसर लावून प्रयोग करू नका, जास्त दाबाने नवीन भोकं पडतात. याच वेळी डायव्हर्टर व्हॉल्व्हही बघायला सांगा. रेस सोडल्यावर साठलेल्या दाबाला वाट करून देणारी ही छोटी झडप; तिचा पडदा फाटला की दाब सतत निसटत राहतो.

पायरी ८: प्लग आणि कॉइल

गाडी खालून छान ओढते, पण पूर्ण रेसवर गचके देते, मिसिंग मारते? मग इथे या. दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडणं अवघड असतं, म्हणून टर्बो इंजिनात प्लगची फट कमी ठेवतात, अनेक इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर. फट वाढलेली किंवा नंबर चुकीचा असेल तर दाबाखाली ठिणगी विझते. प्लग पुस्तिकेतल्या नंबरचाच घ्या, 'त्याहून भारी' नको.

खराब कॉइल (प्लगला वीज देणारा भाग) ओळखायची युक्ती फुकट आहे. कोड पी०३०२ असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा. जुन्या कोडचा फोटो काढून तो उडवा, चालवून पुन्हा बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा आतलं काही.

सेकंडहँड घेतली असेल तर आणखी तीन गोष्टी

क्लच: चौथ्या-पाचव्या गिअरला दोन हजार आरपीएमवरून पूर्ण रेस द्या. काटा झपकन वर गेला पण वेग तसाच राहिला, तर क्लच स्लिप मारतोय. ताकद आहे, चाकापर्यंत पोहोचत नाहीये.

रिमॅप: आधीच्या मालकाने ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललं होतं का, हे सरळ विचारा. पुण्यात, थंडीत, १०० ऑक्टेनवर बसवलेलं सॉफ्टवेअर आपल्या मे महिन्यात साध्या पेट्रोलवर गाडीला सतत नॉकिंगच्या कडेला ठेवतं. कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर घालून घ्या आणि मग मोजा. 'अजून एक स्टेज टाकू', म्हणजे सॉफ्टवेअरने आणखी ताकद वाढवू, असं सांगणाऱ्यापासून, निदान दोष सापडेपर्यंत, लांब राहा.

कार्बन: थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात आत येणारे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांच्यावर काळा थर चढत जातो. जास्त चाललेल्या गाडीत हा मुद्दा येतो. टाकीत ओतायच्या बाटलीने तो निघत नाही, कारण ते औषध तिथे पोहोचतच नाही.

वॉरंटीतली गाडी असेल तर

पायरी ६ पर्यंत या आणि थांबा. पाइप, प्लग, कॉइल, काहीही स्वतः उघडू नका. सर्व्हिस सेंटरला जाऊन "पिकअप नाही" म्हणालात तर तीन तासांनी गाडी धुऊन परत देतील आणि "सगळं नॉर्मल आहे" म्हणतील. असं सांगा: "तिसऱ्या गिअरला अडीच हजाराच्या पुढे, पूर्ण रेसवर मॅप १५० च्या वर जात नाही. सकाळी २८ अंशांतही तेच. पी०२९९ तीनदा आला, हे फोटो." हेच शब्द जॉबकार्डवर लिहून घ्या, सही करण्याआधी वाचा. टेक्निशियनला शेजारी बसवून चक्कर मारा आणि शक्य असेल तर तिथलीच दुसरी तशी गाडी मागा. प्रत्येक फेरीचं जॉबकार्ड जपून ठेवा. आपल्यातल्या काहींना यासाठी नाशिक किंवा संभाजीनगर गाठावं लागतं, मग तोंडी तक्रारीवर फेरी फुकट घालवू नका. तीन-चार फेऱ्यांनंतरही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ही जॉबकार्डंच बोलतात.

सगळ्यात शेवटी टर्बो

निळा धूर येतो, ऑइल वारंवार कमी होतं, रेस दिल्यावर अँब्युलन्सच्या भोंग्यासारखा चढता आवाज येतो: आता टर्बोवर संशय घ्या. पाइप काढून मिस्तरीला पंखा हाताने फिरवायला सांगा, तुम्ही समोर उभे राहा. तो अडखळता कामा नये, पाती भिंतीला घासलेली नसावीत. दांड्याला बाजूला किंचित खेळ असतोच. पुढे-मागे खेळ जाणवला तर मात्र वाईट. वेस्टगेटची काडी गंजून अडकली असेल तर तीही तिथेच दिसते, आणि तिच्यासाठी नेहमी पूर्ण टर्बो बदलावा लागतोच असं नाही.

बदलावाच लागला तर जुना का गेला हे आधी विचारा. ऑइल पोहोचत नसेल तर नवाही जाईल. ऑइल नेणारा बारीक पाइप आतून कोळशाने भरलेला असतो. तो बदला, जुनं ऑइल आणि फिल्टर काढा, इंटरकूलर आतून साफ करून घ्या, कारण तुटलेल्या पात्याचे तुकडे तिथे बसलेले असतात. जुना टर्बो बिलासोबत परत मागा.

आणि गाडी ताब्यात घेतल्यावर घरी जायच्या आधी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, त्याच पट्ट्यावर, तेवढ्याच माणसांनिशी, तिसऱ्या गिअरला ४० ते ८०. वहीत मागच्या आकड्याखाली नवा आकडा लिहा.